सैन्याच्या ठरावावर माझं मत

४ मार्च

सर "सैन्य पाठवा" म्हणाले. सर! मी खुर्चीत होते म्हणून बरं, उभी असते तर मटकन खाली बसले असते.

शेजारच्या देशात लढाई पेटली आहे. त्यांच्याच सेनापतीने त्यांच्याच राजधानीवर तोफा लावल्या आहेत. ताई तिथे आहे. फोन लागत नाही. अशात आमच्या पक्षाची बैठक. बैठक कसली, सभागृहात आम्ही तिघंच तर आहोत! सर, छापखानेवाले शून्यराव आणि मी. (सरकार किती असावं असं कुणीही विचारलं की हे "शून्य" म्हणतात, म्हणून शून्यराव. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवत नसेल.)

मी राजकारणात आले ती सरांमुळे. चष्म्याच्या दुकानावर साधी पाटी लावायची होती, तर पाच खात्यांची परवानगी हवी म्हणे. पाटीचा रंगसुद्धा तेच ठरवणार. त्या वैतागात सरांच्या व्याख्यानाला गेले. "जे सरकार चौकातला दिवा दुरुस्त करू शकत नाही, ते तुमचं आयुष्य काय दुरुस्त करणार?" असं ते म्हणाले आणि मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, बघ, कुणीतरी आपल्या मनातलं बोललं.

आज तेच त्यांना ऐकवलं. "सर, दिवा दुरुस्त होत नाही आणि परका देश दुरुस्त होणार?"

"दिवा वेगळा. इथे माणसं मरतायत, बाळ."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

शून्यराव म्हणाले, "सैन्य नको. आणि वकिलातही नको. बाहेरच्या देशांतलं सगळं बंद करा."

"अहो, माझी ताई आत्ता त्याच वकिलातीच्या दारात उभी असेल!"

"तुमच्या ताईचं वाईट वाटतं. पण जाहीरनाम्यात आपण तसंच लिहिलंय."

लिहिलंय खरं.

५ मार्च

फोन नाही.

६ मार्च

दुकानात जाऊन बसले. घरात बसवत नव्हतं. एक आजोबा नंबर काढायला आले. अक्षरं वाचता येईनात. मी भिंग बदलत राहिले — आता बरं दिसतं की मघाशी? आता? मग लक्षात आलं, डोळे भरून आलेत त्यांचे. नातू सैन्यात आहे.

"ठराव येणार म्हणतात. तुम्ही लोक हात वर करणार का?"

मी भिंग पुसत राहिले.

७ मार्च

ताई सुटली!! वकिलातीच्या बसमधून सरहद्दीपर्यंत आली. नाक्यानाक्यावर बंदूकवाले. वकिलातीतला एक कारकून खाली उतरून बसच्या पुढे चालत होता, हातात आपला झेंडा. फोनवर ताई एवढंच सांगू शकली, मग रडायलाच लागली.

शून्यरावांना कळवलं. ते म्हणाले, "म्हणजे करातून निघाली बस."

"हो, करातून! माझ्या करातून आणखी दहा काढा!"

फोन ठेवला आणि मीच दचकले. हे मी बोलले? मी?

९ मार्च

ताई घरी आली. निम्मी झाली आहे. नवऱ्याने चहा पुढे ठेवला, तो तसाच गार झाला.

ताई तिथे बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. मला वाटायचं, सुट्टीत येते, जाते, एवढंच. आज पहिल्यांदा नीट ऐकलं.

"त्यांना स्फोट ऐकू येत नाही," म्हणाली. "जमीन हादरली की सगळी एकदम माझ्याकडे बघतात. माझा चेहरा बघून ठरवतात, घाबरायचं की नाही."

"आणि आता?"

"तळघरात. शाळेच्या स्वयंपाकीणबाईंबरोबर. बसमध्ये फक्त आपल्या देशाची माणसं घेत होते. मुलं म्हणे आपली नाहीत." मग माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली. "मी इकडे येऊन मदत पाठवते असं सांगून निघालेय, छोटे. हातांनी सांगून निघालेय. तुझं मत आहे ना सभागृहात? सैन्य पाठव."

वाचवणारी बस सरकारचीच. आणि मुलांना दारातून परत फिरवणारा नियमही सरकारचाच.

१० मार्च

ठरावाचा मसुदा हातात आला. सैन्य पाठवणं हे पहिलं कलम. खाली आणखी आहे — तरुणांची सक्तीची भरती. सगळ्यांचे फोन ऐकायची मुभा. खासगी ट्रक ताब्यात घ्यायची मुभा. मुदत? "परिस्थिती निवळेपर्यंत." निवळली हे कोण ठरवणार? तेच!

तडक सरांकडे गेले. ते बागेतल्या नळाशी उभे, बादली भरून वाहतेय आणि लक्ष नाही.

"सर, हे सगळं तुम्हाला मान्य?"

"तात्पुरतं आहे."

"गावाबाहेरची चौकीही तात्पुरतीच होती. आता तिच्यावर दुसरा मजला चढलाय!"

हसले नाहीत. म्हणाले, "मी आयुष्यभर सांगत आलो, कुणी कुणाच्या अंगावर हात टाकू नये. आता समोर हात टाकतायत, लहान मुलांवर. मी काय कुंपणाचे नियम वाचत बसू?"

"मग भरतीतल्या मुलांवर कोण हात टाकतंय, सर?"

मी नळ बंद केला आणि निघाले. वाटेत रडले. ते चुकताहेत असं वाटतं. आणि ते खोटं बोलत नाहीत हेही दिसतं. दोन्ही एकदम कसं असतं?

१२ मार्च

दुकानात नवरा एका फ्रेमचा स्क्रू बसवत होता. मान वर न करता म्हणाला, "सरांचं नको, शून्यरावांचं नको. मग तुला नक्की काय हवंय?"

सुरुवातीला राग आला. मग बोलत गेले, आणि बोलता बोलता माझं मलाच कळत गेलं. सरकार हवं. पण थोडं, आणि दारात पहारेकऱ्यासारखं, माजघरात नको. न्यायालय हवं, पोलीस हवेत, आगीचा बंब हवा, साथ आली तर डॉक्टर हवेत. पाटीचा रंग त्यांनी सांगू नये. फोन त्यांनी ऐकू नये. आपल्यावर कुणी चालून आलं तर सैन्याने लढावं, जीव तोडून लढावं. पण दुसऱ्याच्या गादीवर कोण बसणार ते ठरवायला जाऊ नये, कारण आत गेलेल्याला बाहेरचा दरवाजा सापडत नाही. व्यापार सगळ्यांशी. वकिलात हवीच. आणि पळून येणाऱ्याला सरहद्दीवर कागद विचारू नयेत, पाणी विचारावं.

"आणि ताईची मुलं?" नवऱ्याने विचारलं.

"बस पाठवायची. जो दारात येईल त्याला घ्यायचं. आपला-परका नाही."

"रस्ता बंद असला तर?"

मी डबीतले सुटे स्क्रू निवडायला लागले. त्याने स्क्रू घट्ट केला. "एवढं ठरलं तरी पुष्कळ," म्हणाला. पण ताई मागच्या खोलीत होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

१३ मार्च

आणखी एक धक्का. सगळ्यांना घेणाऱ्या बसचा ठराव मी मांडणार आहे, त्याबद्दल बोलायला शून्यरावांच्या छापखान्यात गेले, तर कागदाच्या गठ्ठ्यांवर माणसं झोपलेली! सरहद्दीपलीकडून आलेली कुटुंबं. एक बाई छपाईच्या यंत्रावर बाळाचे लंगोट वाळत घालत होती. शून्यराव भल्यामोठ्या पातेल्यात काहीतरी ढवळत होते. भात असावा, करपल्याचा वास येत होता.

"हे कधीपासून?"

"सात तारखेपासून. तुमच्या ताईच्या बातमीनंतर." जरा खेकसूनच म्हणाले. "आणि यात सरकारचा एक चमचासुद्धा नाही, लिहून ठेवा!"

लिहून ठेवलं, शून्यराव.

निघताना हळूच म्हणाले, "बसच्या ठरावाला मी विरोध करणार नाही. गैरहजर राहीन. यापेक्षा जास्त मागू नका."

१५ मार्च

मतदान झालं.

सत्ताधारी पक्षाचा प्रतोद सकाळपासून माझ्या मागे. "तुमच्या सख्ख्या बहिणीसाठी तरी हात वर करा." ताई वर प्रेक्षकांत बसली होती. मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर हात वर गेला असता, हे इथे तरी खरं लिहिते.

बोलायला उभी राहिले. म्हटलं, "त्या तळघरात कोण आहे ते मला माहीत आहे. आणि ज्याला तिथे पाठवाल तो मुलगाही माझ्याच दुकानात चष्मा करायला येतो. स्वतःहून कुणी जायला निघाला तर मी त्याच्या पाया पडेन. पण दुसऱ्याला हुकूम देऊन पाठवायचा हक्क मला कुणी दिला?"

कुणीतरी ओरडलं, "भेकड!" कुणीतरी, "देशद्रोही!" सर माझ्या शेजारीच बसले होते. त्यांचा हात ठरावाच्या बाजूने वर गेला. शून्यरावांचा आणि माझा विरोधात.

ठराव पडला. एका मताने! मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं नाही.

लगेच बसचा ठराव मांडला. आपला-परका न बघता सगळ्यांना घ्यायचं. तो मंजूर झाला. शून्यराव शब्दाला जागले, बाहेर जाऊन उभे राहिले. पण सरकारने शेवटी एक ओळ घुसडली — "मार्ग सुरक्षित झाल्यावर." म्हणजे कधी?

वर बघितलं. ताईची जागा रिकामी.

१६ मार्च

ताई बोलत नाही. कपडे धुतले, वाळत घातले, घडी केले. माझेही केले. पण बोलत नाही.

संध्याकाळी एकच वाक्य. "तू चुकलीस असं मी म्हणत नाही. पण मला तुझ्यासमोर बसवत नाही."

यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

१७ मार्च

बस निघालीच नाही. खात्यात तीन वेळा जाऊन आले. "वरून आदेश नाहीत." वर म्हणजे कुठे? कुणालाच माहीत नाही.

१८ मार्च

ताई गेली. पहाट उजाडताच. छापखान्याचा टेम्पो घेऊन, आत शून्यरावांनी दिलेल्या सतरंज्या आणि पाण्याचे पिंप. गाडी चालवायला — सर!! या वयात, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी. आताच सरहद्दीवरून फोन आला. पलीकडे गेले.

प्रतोद दुकानात येऊन उभा आहे. "तुमचे सर परदेशात गेले म्हणे! कुणाच्या परवानगीने?"

कुणाच्याच नाही.