भिक्षुकाच्या हातचा बूट

बाबा, तुम्ही केलेली कुठलीही वस्तू पहिल्या खेपेला कधी नीट चालली नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. लग्न-मुंजी लावणं, सत्यनारायण सांगणं हा तुमचा पोटाचा उद्योग, आणि त्यात तुमचा मंत्र इकडचा तिकडे झालेला कुणी ऐकला नाही. पण घरी येऊन उपरणं खुंटीला टांगलं की तुमचे हात शिवशिवायला लागायचे. अमरावतीला अंबागेटच्या आत आपलं ते दोन खोल्यांचं भाड्याचं घर. मागच्या खोलीत आईचा स्वयंपाक आणि पुढच्या ओट्यावर तुमचा पसारा. करवत, रंधा, तारेची भेंडोळी, मोडक्या छत्र्या, कुणीतरी टाकून दिलेलं सायकलचं चाक. आई म्हणायची, लोकांच्या घरी भंगार बाहेर काढतात, आमच्या घरी ते आत येतं.

एका वैशाखात तुम्ही खिडकीला वाळ्याचा पडदा बांधलात, आणि त्यावर आपोआप पाणी ठिबकत राहावं म्हणून बुडाला भोक पाडलेली मडकी वर टांगलीत. घर असं गार झालं की शेजारच्या बायका गहू निवडायला सुपं घेऊन आपल्याकडे येऊन बसल्या. मग ओल्या दोरीची गाठ सुटली आणि एक मडकं थेट पोथ्यांच्या फडताळावर आलं. पुढे कितीतरी दिवस अंगणात पोथीची पानं वाळत होती, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की यंदा आम्ही पापडाच्या ऐवजी हे घातलंय. त्याच वर्षी गणपतीत गल्लीच्या मांडवासाठी तुम्ही कागदाच्या लगद्याचा हत्ती केला. लगदा चिवट व्हावा म्हणून त्यात वाटलेली मेथी घातली होती, आणि ती मेथी गल्लीतल्या गाईला समजली. मी ओट्यावर बसून पाहते आहे: हत्तीची सोंड गाईच्या तोंडात, तुमच्या हातात काठी, आणि काठी काही खाली येत नाही. भिक्षुकानं गाईवर हात उचलायचा कसा? शेवटी तुम्ही तिला हात जोडून म्हणालात, "पुरे झालं, माय." संध्याकाळी तो हत्ती मांडवात पाठमोरा उभा राहिला. लोकांनी विचारलं तर तुम्ही सांगितलंत की तो गणपतीकडे पाहतोय.

माझ्या पायाचं तुम्हाला आठवत असेलच. चालायला लागून मला वर्षही झालं नव्हतं तेव्हा ताप आला, असं आई सांगायची. ताप गेला आणि जाताना उजव्या पायातला जोर घेऊन गेला. पाय बारीक राहिला, आणि मी वाढत गेले तसा तो डाव्यापेक्षा आखूड पडत गेला. आईचे अंबादेवीला नवस बोलून झाले, तेलं चोळून झाली. नागपूरच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की जाड तळव्याचा, घोट्याच्या वर येणारा, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या असलेला बूट मुंबईहून करवून घ्या, आणि पाय वाढेल तसा दरवर्षी नवा. दरवर्षी, आणि तोही मुंबईहून. परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत तुम्ही बोटांवर पैशांचा हिशेब करत होतात.

चौथीपर्यंत शाळा गल्लीतच होती. तुम्ही मला खांद्यावर बसवून नेत होतात आणि मी वरून लोकांच्या टोप्या मोजत होते. पण पाचवीची मुलींची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मीही आता खांद्यावर मावत नव्हते. अकोल्याचे मामा त्या उन्हाळ्यात आले होते. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी जीव लावूनच सांगितलं की पोरीला शिवण शिकवा, बसल्या जागी करता येईल, उद्या आपल्या पायावर उभी राहील. बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं आणि ते पाणी मागायला लागले. मी दाराआड आहे. आई पाणी आणायला उठली आहे, तुम्ही उपरण्याची घडी घालताय, आणि मला कळतंय की शाळा संपली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ओट्यावर गाडी बांधायला घेतलीत. एक जुनी खुर्ची, दोन मोठी चाकं, पुढे एक लहान चाक. गाडी सुरेख झाली होती, फक्त थांबायची कशी हे तुम्ही नंतर ठरवणार होतात. गल्लीच्या टोकाला उतार होता. तुमच्या हातून ती निसटली ती सरळ तेलवाल्याच्या अंगणात, सरकीच्या ढिगात जाऊन शिरली. मला काही झालं नाही. केसांत, कानांत सरकी घेऊन मी हसत होते, आणखी एकदा म्हणत होते. आई धावत आली, तिनं मला चाचपून पाहिलं, आणि मग ती तुमच्याकडे वळली. "पोट्टी आहे ते," ती म्हणाली, "तुमचा हत्ती नाही." एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी तुम्ही गाडीची चाकं सुटी करून ठेवलीत आणि जेवला नाहीत.

चौकातल्या कडुनिंबाखाली जोडे शिवणारे काका बसत. तुम्ही मला त्यांच्यापुढे नेऊन बसवलंत आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलंत. त्यांनी माझा पाय हातात घेऊन उलटसुलट पाहिला. म्हणाले, "महाराज, असं काम म्या कदी केलं नाई. चप्पल सांगा, उद्या देतो." तुम्ही म्हणालात, "मीबी नाही केलं. दोघं मिळून बिघडवू." आणि तिथेच त्यांच्या पोत्यावर मांडी घालून बसलात. कपाळावर गंध, डोक्यावर शेंडी, हातात चामडं टोचायची आरी. काकांनाच संकोच झाला. इथं बसू नका, लोक पाहून राहिले, असं ते हळूच म्हणाले. तुम्ही आरीत दोरा अडकवत होतात. पाहू द्या म्हणालात.

त्या बुटाचं मी कधी विसरणार नाही. तळव्याला तुम्ही पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेतलंत, वरचं चामडं काकांनी कापलं, सायकलच्या मडगार्डच्या सळया ठोकून तुम्ही पट्ट्या केल्यात. दोघांचे दिवसच्या दिवस गेले. शेवटी मला झाडाखाली नेलं. तुम्ही समोरून ढकलताय, काका मागून टाच धरून बसलेत, आणि बूट काही पायात जात नाही. माझं पाऊल तुम्ही कागदावर आखून घेतलं होतं, पण लाकडावर चिकटवताना तो कागद उलटा झाला होता. तयार झाला होता तो डाव्या पायाचा, अगदी बेतशीर, देखणा बूट. काकांनी तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "महाराज, बूट बराबर हाय. पाय चुकला." तुम्ही असे हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. मग तुम्ही नवं लाकूड मागवलंत.

दुसऱ्या बुटाच्या वेळी गावात बोललं जाऊ लागलं. आजोबांच्या काळापासून ज्यांच्या घरची पूजा आपल्याकडे होती ते वकीलसाहेब एका संध्याकाळी स्वतः आले. आवाज चढवून नाही, अगदी सभ्यपणे बोलले. चामडं हाताळणारे हात देवाला लागतात हे लोकांना रुचत नाही, तेव्हा एखादं प्रायश्चित्त घ्या, आणि बूट बाजारातून करून आणा, मुलीचं मुलीच्या जागी. तुम्ही खाली बघत होतात. तुमच्या अंगठ्याला आरी लागलेली होती आणि त्यावर आईनंच हळदीची चिंधी बांधलेली होती. आई यजमानांसमोर कधी बोलत नसे. तिचं सोवळं तर तुमच्यापेक्षा कडक. तुम्ही झाडाखालून आलात की ती तुम्हाला अंघोळीशिवाय चुलीकडे फिरकू देत नव्हती. तीच दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "वकीलसाहेब, यांच्या हातचा नैवेद्य चालत नसंल तर नका बोलवू. पण पोट्टी चालली पाहिजे."

वकीलसाहेब उठून गेले. त्यांच्याकडून पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि त्या लग्नसराईत इतरांकडूनही फारसं आलं नाही. घरात तांदूळ कमी शिजला, ज्वारीच्या कण्या जास्त. तुम्ही रात्री अंथरुणावर उताणे पडून आढ्याकडे बघत राहायचे, ते मी पाहिलंय. पण सकाळी पुन्हा पांगाऱ्याचा भुसा ओट्यावर असायचा. काका आता काम करायला आपल्या ओट्यावरच येऊ लागले. पहिल्यांदा त्यांचा चहा वेगळ्या कपात आला. काही दिवसांनी सगळ्यांना सारख्याच कपात यायला लागला. कुणी काही ठरवलं नाही. वेगळा कप फुटला, एवढंच आई म्हणाली.

शाळा उघडली त्या दिवशी मी बूट घालून गल्लीतून निघाले. आईनं मला दही दिलं आणि ती दारातून आत निघून गेली, कारण तिला बघवत नव्हतं. तुम्ही माझ्यामागे अंतर ठेवून येत होतात, जणू तुमचं त्याच बाजूला काही काम आहे. खांद्याला नेहमीची झोळी, आणि झोळीत दर्भाच्या जुडीखाली हातोडी, खिळे, पक्कड. लाकूड फरशीवर ठकठक वाजत होतं. चौकापाशी एक पट्टी सुटली आणि टोचायला लागली. तुम्ही मला कापडवाल्याच्या फळीवर बसवलंत, रस्त्यात उकिडवे बसून पट्टी ठोकलीत, आणि मग पुन्हा मागे जाऊन उभे राहिलात. शाळेच्या फाटकातून आत जाताना मी मागे पाहिलं नाही. वळताना तोल जाईल अशी भीती होती. तुम्ही मात्र घरी जाऊन आईला सांगितलंत की पोट्टीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. आई म्हणायची, हे सांगताना तुमचा चेहरा दिवाळीसारखा झाला होता.

मग दरवर्षी नवा बूट. एक पावसात फुगला, एक इतका करकरायचा की बाई मला वर्गात हलू देत नसत. तरी परतवाड्याहून, अकोटहून लोक विचारत विचारत मुलं घेऊन यायला लागले. सगळ्यांना जमलं असं नाही. काही पाय बुटानं सुधारण्यासारखे नव्हतेच, आणि ते सांगायची पाळी तुमच्यावर यायची. ती माणसं गेल्यावर तुम्ही बराच वेळ हत्यारं पुसत बसायचे. पूजा सांगणं हळूहळू कमी झालं आणि ओट्यावरचं काम वाढलं.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी मी मॅट्रिक झाले, मग अकोल्याला मामांकडे राहून ट्रेनिंग केलं, आणि तिथेच शाळेत नोकरी लागली. मी रुजू होणार त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही नवा बूट घेऊन एसटीनं आलात. आलात तेव्हा हातात फक्त आईनं दिलेला लाडवांचा डबा होता. बूट एसटीतच राहिला होता आणि एसटी पुढे अकोटला गेली होती. पाणीही न पिता तुम्ही पुढच्या गाडीनं तिच्यामागे गेलात. दिवेलागण झाली, मामा ओसरीत येरझारा घालत राहिले. तुम्ही परत आलात ते धुळीनं माखलेले, काखेत बूट, आणि सोबत एक कंडक्टर, ज्याला त्याच्या भाचीच्या पायाबद्दल विचारायचं होतं. त्याला आणि तुम्हाला जेवायला वाढताना मामा म्हणाले, "भाऊजी, त्या उन्हाळ्यात मी शिवणाचं बोललो होतो. मनात राहून गेलं माझ्या." तुम्ही भाकरी मोडत होतात. म्हणालात, "मग? शिवणच तर कामी आलं." मामांनी तुमच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि ताक घेऊन बाहेर आले.

त्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत उभं राहून शिकवलं, बाबा. तुम्ही गेलात तेव्हा मी चाळिशीत होते. माझ्यासाठी आखलेला एक तळवा ओट्यावर अर्धवट राहिला होता. काका तेव्हा खूप थकले होते, त्यांना दिसतही कमी होतं. तरी तो बूट त्यांच्या मुलाकडून पुरा करून घेऊन त्यांनी अकोल्याला पाठवला. तो मी झिजेपर्यंत वापरला. त्यानंतर मात्र नागपूरहून तयार बूट यायला लागले. आता एक तरुण मुलगी घरी येऊन माप घेते आणि महिन्याभरात बूट हजर होतो, पहिल्याच खेपेला पायात बसतो. पायात आहे हे विसरायला होतं, इतका तो हलका असतो.

हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तुमचे बूट जड होते, बाबा. पांगाऱ्याचे असूनही जड होते. संध्याकाळी मांडी भरून यायची आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या ती दाबत राहायची. तुम्ही दरवेळी विचारायचे आणि मी दरवेळी छान आहे म्हणायची. जड आहे म्हटलं असतं, तर किती जड असं विचारून तुम्ही तो तिथेच उसवायला घेतला असता, आणि मला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं होतं.