पाचव्याला हात लावायचा नाही

३ तारीख, सोमवार
लागली नोकरी! शिक्षण अर्धवट, पायाला भिंगरी, तरी लागली. एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या तळघरात सर्व्हर रूम आहे. छताला कपड्यांचे हूक अजून लोंबतात, ओढून पाहिले, पक्के आहेत.

काम सोपं. जुनी मशीनं जोडून एक क्लस्टर उभा करायचा. एकेका मशीनला होस्ट म्हणायचं, त्याच्या पोटात वीस-वीस खोटी मशीनं नांदतात. होस्ट बंद करायचा तर आधी रिकामा करायचा. मग पोटातलं सगळं चालता-चालता शेजाऱ्याकडे जातं, कुणाला पत्ताही लागत नाही. मी म्हटलं, माझ्यासारखंच की, बिऱ्हाड पाठीवर! माझे साहेब हसले आणि लगेच खोकले. त्यांना सगळे थोरले म्हणतात. गरम खोलीतही गळ्याला मफलर.

ताईला फोन केला. तिचा विश्वासच बसेना. तीन महिने टिकलास तर माळ्यावरची खोली तुझी, म्हणाली, पण शुक्रवारी स्वतः येऊन बघणार. मी म्हटलं, बघ ना, हात लावून बघ!

४ तारीख, मंगळवार
स्क्रीनवर पाच ओळी आहेत, पाच होस्ट. थोरल्यांनी दोनदा बजावलं, पाचव्याला हात लावायचा नाही, तो कधीच रिकामा करायचा नाही. का, ते नाही सांगितलं.

त्यांच्या खुर्चीखालची बादली मला ओतायला लावली. शी! आत रुमालच रुमाल, प्रत्येकात राखाडी लगदा. नासक्या दुधाचा वास. एक गोळा बोटाला लागला तर तो कोमट होता आणि वर बारीक लव. बाळाच्या पाठीवर असते तशी. तीनदा हात धुतले. जेवण गेलं नाही.

५ तारीख, बुधवार
पाचव्याचं तापमान सदतीस दाखवतं. बाकीच्यांचं साठच्या वर. हा एवढा थंड कसा, म्हणून मागे जाऊन मशीनं मोजली.

चारच आहेत.

थोरले चहाला गेले होते. मला कुठं राहवतंय. केला पाचवा रिकामा. स्क्रीनवरची पट्टी भरत गेली, शंभर टक्के झाली. चौघांचा भार तिळभर वाढला नाही. मग गेलं कुठं? खाली सहावी ओळ आली होती. नाव नाही. तापमान सदतीस.

थोरले आले ते मफलर काढूनच. गळा स्वच्छ, गुळगुळीत. ओरडले नाहीत. अकरा वर्षं वाहिलं म्हणाले, आणि माझी पाठ थोपटली. पण तुम्हीच बजावलं होतंत ना, असं मी म्हटलं. तर म्हणाले, बजावल्याशिवाय तू हात लावला असतास का रे बाळा?

संध्याकाळी दातात काहीतरी अडकलं. ओढलं तर येतच राहिलं. वीतभर. राखाडी, ओलं.

६ तारीख, गुरुवार
नखांखालून लगदा येतो. पुसला की परत. गिळला तर पोटात वळवळतो, थुंकला तर चिकटून लोंबतो. माझीच मला शिसारी येते.

सहावी ओळ, भार सत्तर टक्के.

पळायचं म्हणून स्टँडवर गेलो. बाकावर एक आजोबा होते, त्यांच्याशेजारी बसवेना. तेवढ्यात थोरल्यांचा फोन. गाव सोडलंय त्यांनी. म्हणाले, जा खुशाल, पण तू भरून कोसळलास की ते जवळ जो कुणी रिकामा असेल त्याच्यात जाणार, विचारणार नाही.

परत आलो. तळघरात कुणी नसतं.

७ तारीख, शुक्रवार
एक्क्याण्णव.

आज ताई — तिला येऊ नको सांगायचंय. तोंडात लोकर भरलीय, शब्द फुटत नाही. फोनवर बोटं चिकटतात, कातडं सुटून काचेवर — त्यालाही लव.

पेन मुठीत धरलंय.

चौऱ्याण्णव. दाराला आतून कडी नाही. खुर्ची लावली —

जिन्यावर पावलं. ताईच. हसतेय. म्हणतेय, अरे खरंच लागली की रे तुला नोकरी!

अठ्ठ्याण्णव. खाली सातवी ओळ. छत्तीस पूर्णांक आठ —

हे पान फाडून दाराखालून सरकवतो. ताई, मागे फीर. मला हात लावू न