इस्त्रीच्या टेबलावरचा कारखाना

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. (गुडघ्यांमुळे वाकणं अर्ध्यावरच थांबतं, उरलेला नमस्कार तू समजून घे.) तुझी शुगर कशी आहे? वहिनी गोड देत नाही म्हणून फोनवर तक्रार करतोस, पण बोलताना तू काहीतरी चघळत असतोस ते मला परदेशात बसूनही ऐकू येतं. आम्ही सगळे मजेत आहोत.

मजेत म्हणजे आता. आल्याआल्या ह्यांनी खिडकीपाशी खुर्ची टाकली आणि रोज संध्याकाळी एकच विचारायचे, परतीचं तिकीट कधीचं काढायचं. मुलाच्या घरी चार दिवस पाहुणा, कायमचा मुक्काम नाही, असं निघताना तुझ्यासमोरच ठणकावलं होतं ना! इथे मुलगा आणि सूनबाई राहा राहा म्हणून मागे लागलेले. आणि मला विचारशील तर, दादा, मला नाही रे जायचं. इतकी वर्षं पोराचा आवाज फोनवर ऐकला, आता संध्याकाळी दारात बूट काढताना ऐकू येतो. पण ह्यांच्यापुढे बोलायची सोय नाही.

मग देवाच्या कृपेने स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. प्लंबर आला, लांबूनच बघून म्हणाला, अख्खा नळ बदलावा लागेल. हे खुर्चीतून ताडकन उठले. उभा जन्म कारखान्यात मशिनी दुरुस्त केलेला माणूस. वॉशर झिजला म्हणून नळ फेकायचा, हे त्यांच्या अगदी जिव्हारी लागलं. जुन्या स्लिपरचं रबर कापून त्यांनी वॉशर बसवला. (स्लिपर सूनबाईची होती आणि ती जुनी आहे हे फक्त ह्यांचं मत होतं.) नळ थांबला आणि कारखाना सुरू झाला.

गाडी ठेवायच्या खोलीत इस्त्रीचं टेबल मांडलंय. हत्यारं म्हणजे लोणी लावायची सुरी, माझं लाटणं आणि सूनबाईची नखं घासायची कानस. दर दुरुस्तीनंतर एखादा स्क्रू उरतो, तो कंपनीनेच जास्तीचा दिलेला असतो म्हणे. शेजारची म्हातारी टोस्टर घेऊन आली. ती तिच्या भाषेत, हे मराठीत, अशा तासभर गप्पा झाल्या. टोस्टर आता पाव इतका उंच उडवतो की म्हातारी ताट धरून उभी राहते, पण बाई खूश आहे. हे तर चक्क शीळ घालायला लागले.

पण मोडकं सामान पुरणार किती? घरातलं संपलं, शेजाऱ्यांचंही संपलं. एका संध्याकाळी हात पुसत म्हणाले, "काम झालं. आता निघू या." दुसऱ्या दिवशी हे फिरायला गेल्यावर मी ती सुरी घेतली आणि कपाटाच्या मुठीचे स्क्रू सैल केले. मग स्टुलाचा पाय. मग जेवणाचं टेबल. तिथे सूनबाईने मला पकडलं. दुसऱ्याच दिवशी बाथरूममधला टॉवेलचा दांडा खाली आला, आणि तिथवर माझा हात पोचत नाही. पोर गुणाची आहे. सध्या घरात काहीही धरलं की हातात येतं. तिकिटाचं नाव मात्र कोणी काढत नाही.

वहिनीला नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र खरं तर एवढ्याचसाठी लिहिलंय: ह्यांनी तुझ्याकडे त्यांची हत्यारांची पेटी मागितली आहे ना, कोणी येणारं असेल तर पाठवा म्हणून? पाठवू नकोस. सुरीने एक मूठ बसवायला दोन दिवस लागतात. खरा स्क्रू-ड्रायव्हर हातात पडला तर एका सकाळीत सगळं घर आवळून मोकळे होतील. पेटी सापडत नाही म्हणून सांग.

आणखी एक ता. क. (अक्षर वेगळं आहे, कारण लिहिणारा मी, तुमचा मेहुणा.) पाकीट चिकटवायला पत्र सूनबाईने माझ्या टेबलावर आणून ठेवलं. वाचलं, क्षमा असावी. पेटी पाठवू नका. मागे एकदा चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो, तर जेवणाच्या टेबलाखालून तुमच्या बहिणीचे पाय बाहेर. आवाज न करता पुन्हा फिरायला गेलो. निघताना तुमच्यासमोर एवढं बोलून बसलोय, आता राहतो म्हणायची लाज वाटते. म्हणून मीही प्रत्येक स्क्रू एक फेरा ढिलाच ठेवतो. हे तिला कळवू नये.