नाटकातल्या बापाचं कारण

दादा,

आज गुडघे फार दुखतायत आणि बसल्या बसल्या तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी अजून एकाच प्रश्नापाशी अडून बसले आहे.

पाटणजवळच्या आपल्या गावात जत्रेला गावकऱ्यांचं नाटक असायचं. पलटणीतून पेन्शनीवर आलेले तुम्ही त्या साली मुलीचं शिक्षण तोडणाऱ्या बापाचं काम करत होता. शाळेत तालीम चाललीय आणि तुम्ही मधेच थांबून विचारताय, "आवं गुरुजी, ह्यो बाप पोरीला का अडवतो?" गुरुजी म्हणतात, "अब्रूच्या भीतीनं." तुमचं समाधान होतं, मग संवाद म्हणताना आवाज चढतो. त्याच उन्हाळ्यात मला साताऱ्याला मास्तरणीच्या शिक्षणासाठी जागा मिळाली आणि तुम्हीही, माझ्या खऱ्या बापानं, अडवलंत. का, म्हणून विचारलं तर, "न्हाई म्हंजे न्हाई." वर्षभर मी तुमच्याशी धड बोलले नाही.

पुढच्या साली चुलीपुढं जेवता जेवता तुम्ही म्हणालात, "उद्या एस्टीनं साताऱ्याला जायचं. कापडं भर." आईचा हात परातीतच थांबला. त्या वर्षात घरात काहीच घडलं नव्हतं. कुणी तुम्हाला समजावलं नव्हतं, कुणी रडलं नव्हतं. गाडीत मी विचारलं, "दादा, मग आदी न्हाई का म्हनला?" तुम्ही शेंगांची पुडी पुढं केलीत. "लय इचार करतीस. खा."

पुढं सांगलीकडं नोकरी करताना मीही जत्रांसाठी नाटकं लिहिली. एकात तुम्हालाच घातलं. नाटक बसवणारा म्हणाला, "बाई, बाप असा उगाच कसा बदलंल? लोक उठून जातील." मग मी एक प्रवेश वाढवला. गोठ्यात लेक रडते, बाप आडून ऐकतो. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नाटकातल्या माणसाला कारणाशिवाय पाऊलही उचलता येत नाही, आणि तुम्ही माझं सगळं आयुष्य फिरवून निवांत शेंगा खात बसलात. त्याचा मला राग येतो, दादा. मायाही येते, पण राग आधी येतो.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून सांगते. परवा नातीनं विचारलं, पणजोबांनी तुला शेवटी का शिकवलं? मी दमले होते. गोठ्यातलं रडणं तुमचं-माझं म्हणून सांगून टाकलं. तिला लगेच पटलं. मी गोठ्यात कधीच रडले नव्हते, आणि तुमच्या मनात काय आलं होतं ते मला आजही ठाऊक नाही.