लांब बाह्यांची पोलकी

मालवण, १९६४

प्रिय कावेरीअक्का,

लहानपणी विहिरीवर मला न्हाऊ घालताना तू हसली होतीस, "गो, तुझे दंड म्हणजे माडाचे बुंधे." तुला आठवतही नसेल, तुझं हसणं मायेचंच होतं. पुढे कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात झगा घालूनच आंघोळ करायची शिस्त होती. मला ती बरी वाटली. तेव्हापासून मी मनगटापर्यंत बाह्यांचीच पोलकी घालते, मे महिन्यातसुद्धा.

परवा डोळे दाखवायचे आहेत असं सांगून कोल्हापूरला मनाच्या डॉक्टरांकडे गेले. दंड दिसले तर हसतील, मी म्हणाले. "तुम्हाला कोण हसतं?" त्यांनी विचारलं. मी तुझं नाव घेतलं आणि रडले. "मग त्यांना सांगा," ते म्हणाले. धीर होत नाही, म्हणून हे पत्र माझ्या कपड्यांच्या पेटीत ठेवते, मागाहून तुला सापडेल.

मी गेल्यावर आरसा तुझ्या नलूला दे. लांब बाह्यांची पोलकी कुणालाच देऊ नकोस. आखूड बाह्यांचं एकच शिवलंय, अजून अंगाला लावलेलं नाही. ते मला घाल. आणि शेवटचं न्हाऊ तूच घाल, अक्का.

तुझी धाकटी,
वच्छी