साहेबानं पाहिलेली खाडी

अण्णा, तुमच्या साहेबाचं आत्मचरित्र मिळालं. त्याच्या नातवंडांनी हौसेनं छापलेलं. माझ्या मुलीनं इंटरनेटवर शोधलं, रोह्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणलं, आणि गेले आठ दिवस मी ते डिक्शनरी घेऊन वाचतोय. तुम्ही असतात तर आंघोळ करून वाचायला बसला असतात.

मोठा माणूस होता हो तुमचा साहेब. पाद्र्याचा मुलगा, लॅटिन-ग्रीकमध्ये हुशार. परीक्षेत एकदा आपटला, दुसऱ्या खेपेला पास झाला, आणि मिसरूड नीट फुटायच्या आत बोटीत बसून आपल्या लोकांचा न्याय करायला हजर. मराठीच्या परीक्षेत म्हणे बक्षीस मिळालं होतं. तरी दौऱ्यावर दुभाषा लागायचाच. पुढे जिल्ह्याचा जज्ज, मग हायकोर्ट, मग ‘सर’, मग विलायतेत गुलाबाची बाग. गुलाबांवर अख्खं एक प्रकरण आहे, बदकांच्या शिकारीवर दोन. त्याच्या कुत्र्याचं नाव पानोपानी येतं. तुम्ही सात वर्षं त्याच्या कोर्टात कारकुनी केलीत, त्याच्या फायली उराशी धरून होडीतून फिरलात, त्याचं बोलणं लोकांना आणि लोकांचं त्याला सांगितलंत. तुमचं नाव कुठेही नाही. ‘माझा कारकून’ एवढंच, तेही एकदाच. कुठे, ते सांगतो.

जाताना त्यानं तुम्हाला त्याचे जुने बूट दिले. तुमच्या पायाला दोन बोटं मोठे. पेणच्या घरात कपाटावर ते देवासारखे बसलेले असत. हळदकुंकू तेवढं वाहायचं बाकी होतं. एकदा मी ते घालून खाडीत चिंबोऱ्या पकडायला गेलो. एरवी तुम्ही घरातसुद्धा कचेरीतली मराठी बोलायचात, पण त्या दिवशी कानाखाली आवाज काढलात आणि ओरडलात, “लायकी हाय काय तुझी?” त्या बुटांना माझ्याआधी कधी चिखल लागलेलाच नव्हता, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

पाहुणे आले की तुमची गोष्ट ठरलेली. वडखळच्या अलीकडे एका शेतकऱ्याचा दावा होता. जमीनदारानं बांधाची खांड बुजवली नाही, त्या भगदाडातून खारं पाणी शेतात शिरलं आणि भात जळालं. साहेब म्हणाला, साक्षीदार काय, काहीही बोलतात. मी स्वतः बघतो. आला, बांधावर उभा राहिला, खाली कोरडा चिखल बघितला आणि दावा खोटा ठरवून फेटाळला. “स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं साहेबानं!” असं म्हणून तुम्ही कपाटाकडे बोट दाखवायचात. आतून पापड लाटता लाटता आई बोलायची, “त्या दिवशी अष्टमी व्हती. अष्टमीला पाणी बांधाला तरी लागतंय काय? पुनवेच्या उधाणाला आला असता, तर बुटासकट व्हावला असता!” तुम्ही म्हणायचात, “गप गो, तुला कोर्टातलं काय कळतंय?” आईला कोर्टातलं कळत नव्हतं, पण खाडीतलं कळत होतं.

साठ वर्षं मी त्या माणसाला गाढव म्हणत आलो. एवढा शिकलेला, आणि खाडीची भरती तिथीवर चालते हे कुणाला तरी विचारावं एवढी अक्कल नाही.

पण त्यानं विचारलं होतं, अण्णा. पुस्तकात आहे. बांधावर उभं असताना त्यानं आपल्या कारकुनाला विचारलं, कारण कारकून त्याच खाडीकाठचा. पाणी इथवर कधी येतं का? कारकून म्हणाला, कधीच नाही. पुढच्या ओळीत लगेच कुत्रा आहे.

तुम्ही त्या खाडीतच वाढलात. पुनवेला तुमच्या घरात गुडघाभर पाणी शिरायचं, हे तुम्हीच मला सांगितलंत. जमीनदारानं तुम्हाला काही दिलं असतं तर निदान कारण तरी सापडलं असतं; तसले तुम्ही नव्हतात. साहेबाच्या तोंडावर उत्तर लिहिलेलं होतं, ते तुम्ही नुसतं वाचून दाखवलंत. साहेब काही यातून सुटत नाही. गावातल्या वीस जणांचे जबाब त्याला खोटे वाटले आणि तुमचा एक शब्द खरा, कारण तेवढाच त्याला ऐकायचा होता. त्याची मला कीव येते. तुमची लाज वाटली, अगदी किळस येईपर्यंत.

त्या शेतकऱ्याची नात माझ्याच वयाची आहे. तिची मुलगी रोह्याला दिली आहे, तिच्याकडे आली की मला वालाची पिशवी देऊन जाते. त्यांच्या शेतात आता नुसतं कांदळवन आहे. आजोबा पुढे मिठागरात पाट्या उचलून मेले. जमीन गेली ती गेलीच, पण कोर्टानं खोटं म्हटलं म्हणून गावात त्यांचं नाव पडलं ते अजून आहे: खोट्यांचं घर. तिच्या नातवाच्या लग्नाच्या बोलणीतही कुणीतरी ते काढलं.

परवा ती आली तेव्हा तेच पान माझ्या मांडीवर उघडं होतं.

“दादा, सायबाच्या बुकात आमच्या आजोबाचं कायतरी लिवलं असंल ना?”

तिला इंग्रजी येत नाही. ती कागदाकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

“काय नाय गो,” मी म्हटलं.

“नाय? बरं.” तिनं वाल सुपात ओतले, पिशवी झटकून घडी केली आणि दारात थांबली. “तुमचे अण्णा असते तर त्यांनी सांगितलं असतं. ते व्हते ना तिथं.”

पेणचं घर विकलं तेव्हा मी बूट इकडे आणले होते. हे पत्र कुठे पाठवायचं? डाव्या बुटात घालून ठेवतो, तिथे कुणी हात घालत नाही. तुमच्यापुढे निदान साहेब उभा होता, अण्णा. माझ्यापुढे फक्त ती होती, आणि तरी मी नाय म्हटलं.