पडायचा क्लास

जवाहरनगर (गेटबाहेरचं घर),
रविवार, २१ सप्टेंबर २०१४

ति. रत्नमालाबाईस,
धाकट्या भावाचा, म्हणजे आनंदरावचा, सप्रेम जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला बसला का? धान निसवला का, आणि म्हैस अजून शेजाऱ्यांच्याच बांधीत जाते का? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण तुमच्याकडे फोन आला की भाऊजी स्पीकर लावतात आणि अर्धं एकोडी गाव ओसरीवर बसून मला सल्ला देतं. म्हणून पत्र. माझी तब्येत उत्तम आहे. (हे वाक्य नीट लक्षात ठेव, पुढे कामाचं आहे.)

तुला माहीत आहेच, की जानेवारीत मी पोस्टाच्या पायरीवरून पडलो. एकच पायरी होती आणि माझं लक्ष चष्म्याच्या डबीत होतं. लागलं काहीच नाही, पण पाहणाऱ्यांपैकी कुणीतरी पुण्याला रीनाला कळवलं. मुलगी बापाची काळजी करते यात वाईट काही नाही, पण तेव्हापासून ती दर रविवारी फोन करून आधी "जेवले का?" विचारते आणि मग "पडले का?" विचारते. दोन्हींचा सूर एकच. शेवटी तिनं निकाल सांगितला, "बाबा, अजून एकदा पडले ना, तर मी काही आयकणार नाही. दसऱ्याले दीक्षाभूमीवर येईन, तेव्हाच तुमचं सामान बांधून नेईन." मी पुण्यात काय करू, सांग? तिथे ती आणि जावई सकाळी आठला निघून जातात आणि मी सातव्या मजल्यावर बसून खालच्या गाड्या बघतो. इथे निदान तुळसानं लावलेली पेरूची दोन झाडं आहेत, फॅक्टरीचा भोंगा आहे, ओळखीची माणसं आहेत. तुळसाला जाऊन पाच वर्षं झाली, पण घर अजून तिच्याच पद्धतीनं चाललंय. मीठ कुठे ठेवायचं ते मी अजून बदललेलं नाही.

तर विहाराच्या फळ्यावर कागद लागला : ज्येष्ठांसाठी सजगतेचा वर्ग, सकाळी सात ते साडेआठ, शरीराचा तोल सुधारतो. मी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर दोनदा केलेला माणूस. सजगता म्हटल्यावर पांढरे कपडे घातले, बसायचं आसन घेतलं, डोळे अर्धे मिटूनच हॉलमध्ये शिरलो. शिकवणारी मेघा, आपल्या कॉलनीतलीच पोरगी, बंगळुरूला नाच शिकून आलेली, आई आजारी म्हणून चार महिने घरी होती. मी आसन टाकून बसलो तर ती म्हणाली, "काकाजी, बसून नाई चालत. कोनाले तरी पाठ टेका." मी भिंतीला टेकलो. ती म्हणाली, "भिंतीले नाई, माणसाले."

या प्रकाराला काँटॅक्ट इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. गाणं नाही, ठेका नाही, ठरलेलं पाऊल नाही. दोन माणसांनी एकमेकांना कुठेतरी टेकायचं, खांदा म्हण, पाठ म्हण, आणि त्या टेकलेल्या जागी सगळं लक्ष ठेवून आपलं वजन थोडंथोडं त्याच्यावर सोडायचं. त्यानंही सोडायचं. मग वजन जिकडे नेईल तिकडे जायचं, खाली नेलं तर खाली. म्हणजे पडायचं, पण सावकाश आणि घाबरल्याशिवाय. आता बाई, शिबिरात दहा दिवस कुणाला बोटही लावायचं नसतं. आणि त्याआधी चौतीस वर्षं मी फॅक्टरीच्या ज्या इमारतीत दारूचं काम केलं (प्यायची नव्हे, उडायची, भाऊजी हसतील म्हणून आधीच लिहिलं), तिथे दारावर आत किती माणसं असावीत याचा आकडा रंगवलेला, शिरण्याआधी तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज जमिनीत सोडायची, आणि दुसऱ्याला धक्का न लागता चालायचं. माझ्याइतका सजग माणूस मेघाला मिळणार नव्हता. फक्त मला माणसांपासून लांब राहण्याची सजगता होती.

जोडीदार मिळाला नत्थू. हा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली तीस वर्षं काढून आता मुलाकडे, माझ्या मागच्या गल्लीत राहतो. वजन ब्याऐंशी किलो. पहिल्या दिवशी त्याच्या पाठीला पाठ लावण्याआधी मी सवयीनं खिडकीच्या गजाला हात लावला. नत्थूनं विचारलं, "काहून बे?" मी सांगितलं, अंगातली वीज उतरवून राहिलो. मग त्यानंही गजाला हात लावला. आठवड्यात वर्गातली सातही माणसं आधी गजाला हात लावून मग एकमेकांना लावू लागली. मेघानं त्याची वहीत नोंद केली. तिला वाटलं हा आपल्या भागातला काही जुना रिवाज असेल.

मधे एक अडचण आली. पौर्णिमेला मी अष्टशील पाळतो, आणि त्यात नाचगाणं वर्ज्य. मी मेघाला एका बाजूला घेऊन विचारलं की आपण करतो तो नाच धरायचा की नाही, तसं असेल तर मी त्या दिवशी येणार नाही. ती म्हणाली, "काकाजी, तुमाले पाहून याले नाच कोनी नाई म्हननार. बिनधास्त या." माझं समाधान झालं. (नंतर घरी गेल्यावर थोडं कमी झालं.)

तिची एकच तक्रार असे, की मी वजन देत नाही. "काकाजी, तुमी नुसते टेकून उभे आहा. सोडा ना." मी सोडत होतो, पण माझ्या हिशेबानं. नत्थू मात्र खुशाल सगळा माझ्यावर यायचा. मी विचारलं, तुला भीती नाही वाटत? तर म्हणाला, "खाणीत वरचं छत अन् बाजूचा माणूस, दोनच गोष्टींवर भरोसा. छत त कधी बी धोका देते."

मग परवाच्या सोमवारी ती घटना झाली. मी ओणवा, हात-गुडघे जमिनीवर, आणि नत्थू माझ्या पाठीवर आडवा, दोन्हीकडे हातपाय सोडून, डोळे मिटून. मेघा हळू आवाजात सांगत होती, श्वास कुठे आहे बघा, वजन कुठे आहे बघा. वजन कुठे आहे याबद्दल मला शंका नव्हती. आणि आठचा भोंगा झाला. बाई, चौतीस वर्षं त्या भोंग्याला माझे पाय उठलेत; मन ओणवं राहिलं, पाय सरळ झाले. नत्थू माझ्या पाठीवरून सुटला. आता खाणीतल्या माणसाच्या अंगाखालची जमीन हलली की तो काय करणार? त्यानं डोक्यावर हात घेतले, लोळत भिंत गाठली आणि ओरडला, "भागोऽ!" हॉलमध्ये फॅक्टरीतले चौघे होते. भागो ऐकल्यावर कारण विचारत बसायची आमची पद्धत नाही. पंचवीस सेकंदांत सगळे अनवाणी बाहेर, विहाराच्या पिंपळाखाली, रांगेत. मी मोजणी केली. सात अधिक मेघा, आठ, बरोबर. मग वर्गातल्या कृष्णरावांनी विचारलं, "काय झालं जी?" आणि कुणालाच सांगता येईना.

मेघा रागावेल असं वाटलं होतं. ती पिंपळाच्या पारावर बसून डोळे पुसत म्हणाली, की इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा सगळेच्या सगळे जागेवर हजर होते. नत्थूला खरचटलंसुद्धा नाही. मला फक्त म्हणाला, "उठाचं होतं त सांगाचं होतं लेका, मी त झोपलो होतो." पासष्ट वर्षांचा माणूस दुसऱ्याच्या पाठीवर झोपतो, यावरून वर्ग किती चांगला चालला होता हे तुला कळेल.

माझा एकूण हिशेब असा : सहा आठवडे, अंदाजे चाळीस वेळा पडलो, इजा शून्य. फॅक्टरीत असतो तर याचा बोर्ड लागला असता.

भाऊजींना जय भीम. गुडघ्यांना तेल लावत जा, नुसती बाटली उशाशी ठेवून उपयोग नाही.

तोल सांभाळून असलेला तुझा भाऊ,
आनंदराव

ता. क. : मूळ काम राहिलंच. रीना तुझं ऐकते, माझं नाही. तिला फोन करून सांग की बाबा ठणठणीत आहे, पडायचं शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेला आहे, आणि त्याला पुण्याला नेण्याची गरज नाही. तू स्वतः येऊन पाहून गेलीस असं सांगितलंस तर आणखी बरं.

ता. क. दुसरा : माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. (उजवा नाही, अक्षरावरून कळलंच असेल.) दसऱ्यापर्यंत निघणार नाही, तेव्हा रीनाला दिसणारच. मी तुझ्याकडे आलो होतो आणि शेताच्या धुऱ्यावरून घसरलो असं म्हण. या दिवसांत धुऱ्यावरून कुणीही घसरतं, त्यात वयाचा प्रश्न येत नाही. खोटं बोलू नये हे चौथं शील मी रोज सकाळी म्हणतो, तूही म्हणतेस. तेव्हा रीनाला फोन दुपारी कर. हा भाग भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

ता. क. तिसरा : लिफाफा चिकटवला होता, पुन्हा उघडला. धुरा राहू दे. मंगळवारी, भोंग्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे पाचला मी मोरीत पडलो. शिकवल्याप्रमाणे लोळण घ्यायचा प्रयत्न केला, पण मोरी तीन फूट बाय चार आहे. वर्गात पडताना खाली किंवा बाजूला कुणीतरी असतं बाई, सगळी विद्या त्याच्या भरवशावर आहे. घरात मी वजन देणार कुणाला? मी आधी तुळसाला हाक मारली. दोनदा मारली, मग लक्षात आलं. त्यानंतर पावणेसातला नत्थू वर्गाला बोलवायला आला तोपर्यंत कुणालाच मारली नाही. तो परसाची भिंत चढून आत आला, मला पाठीवर घेतलं, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा सगळं वजन सोडलं. मला भीती वाटते. हे रीनाला फोनवर सांगता येत नाही, म्हणून तुला लिहितो. ती दसऱ्याला पुण्याला न्यायचा विषय काढेल, तेव्हा मी नाही म्हणेन. तिनं दुसऱ्यांदा विचारावं, एवढं तिला सांगून ठेव.